कपाटातली पुस्तके मुलांच्या हाती कशी येतील?

प्रश्न थोडक्यात असा: पहिली ते चौथीची शंभर-सव्वाशे मुले, कपाटात तीनशेच्या आसपास गोष्टींची पुस्तके, आठवड्याला ग्रंथालयाची एक तासिका, तरी मुलांना वाचनाची गोडी लागत नाही. आणखी पुस्तके आणावीत, वाचन स्पर्धा घ्याव्यात, की दुसरे काही करावे?

दोन्ही गोष्टी तूर्त बाजूला ठेवा आणि आधी एक मोजमाप करा. वर्गातले कोणतेही एक मूल घ्या. त्याने स्वतः निवडलेले आणि त्याला वाचता येईल असे पुस्तक आठवडाभरात किती मिनिटे त्याच्या हातात होते? तासिका चाळीस मिनिटांची दिसते खरी, पण रांग लावणे, वाटप, नोंद आणि शेवटी पुस्तके मोजून परत घेणे यांत तिचा मोठा भाग जातो. उरलेल्या वेळात मुलाला मिळालेले पुस्तक बहुधा शिक्षकांनी पुढे केलेले असते आणि अनेकदा त्याच्या वाचनाच्या ताकदीबाहेरचे असते. गोडी लागते ती या मिनिटांतून. ती वाढली नाहीत तर तीनशेची सहाशे पुस्तके करूनही फरक पडणार नाही.

मिनिटे कमी पडण्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे पुस्तक हरवेल, फाटेल आणि आपल्याला भरून द्यावे लागेल ही धास्ती. ग्रंथालयशास्त्रज्ञ शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये पाच सूत्रे मांडली. त्यातले पहिलेच सूत्र आहे, पुस्तके वापरासाठी असतात. हे सूत्र सगळ्यांना मान्य असते, कुलूप मात्र तसेच राहते. म्हणून पहिले काम कागदावर करा. मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समिती यांच्याशी बोलून लेखी ठराव घ्या की वर्षाला शंभरातली पाच ते दहा पुस्तके झिजणे, फाटणे, हरवणे हा वापराचा खर्च धरला जाईल, त्याची वसुली शिक्षकाकडून होणार नाही आणि मुलाला दंड होणार नाही. हा ठराव नसेल तर पुढची सगळी व्यवस्था पहिल्या हरवलेल्या पुस्तकापाशी थांबते. वर्षभरात एकही पुस्तक फाटले नसेल, तर ती पुस्तके कुणी वाचलेली नाहीत असे खुशाल समजा.

यानंतर सगळी पुस्तके जमिनीवर काढा. एका दुपारचे काम आहे. तीन ढीग करा: लगेच मुलांच्या हाती देण्याजोगी, दुरुस्तीची आणि काढून टाकायची. तिसऱ्या ढिगाबाबत हात आखडू नका. बारीक टायपातली चरित्रे, प्रश्नोत्तरांचे संच, मोठ्यांसाठीचे ग्रंथ, माहिती कालबाह्य झालेली पुस्तके, प्रत्येक पानावर उपदेश करणाऱ्या पुस्तिका यांनी कपाट भरलेले दिसते, पण मुलाला त्यात हवे ते सापडत नाही. चार वेळा हात घालून चारही वेळा नको ते निघाले की मूल पाचव्यांदा हात घालत नाही. रीतसर निर्लेखन, म्हणजे नोंदीतून पुस्तके वगळणे, होईपर्यंत हा ढीग खोक्यात बांधून वेगळा ठेवा. तीनशेतली दीडशेच उरली तरी घाबरू नका. चांगली दीडशे पुस्तके फिरती ठेवली तर ती चार वर्गांना सुरुवातीला पुरतात.

पुढे खरेदी करताना दर मुलामागे तीन पुस्तके हे पहिले उद्दिष्ट धरा आणि पाच ते सात हे दूरचे. एकाच मालिकेचा पन्नास पुस्तकांचा गठ्ठा घेण्याचा मोह टाळा. त्यात रंगीत कव्हरांखाली एकाच साच्याच्या गोष्टी असतात. पहिली-दुसरीसाठी निम्म्याहून अधिक पुस्तके १६ ते २४ पानांची, पानावर एक-दोन ओळी आणि मोठे चित्र असलेली हवीत. तिसरी-चौथीसाठी गोष्टींइतकीच माहितीपर पुस्तके ठेवा. प्राणी, यंत्रे, शरीर, अवकाश, स्वतः करून पाहण्याच्या गोष्टी. गोष्टी न आवडणारी मुले असतात. ती वाचनाला विटलेली नसतात, त्यांना फक्त त्यांच्या विषयाचे पुस्तक कुणी दिलेले नसते. कविता, कोडी, विनोद आणि चित्रकथांना 'हलके' म्हणून वगळू नका. मुलांना आवडलेल्या पुस्तकाच्या दोन-तीन प्रती घ्या, कारण दोन मित्र शेजारी बसून एकच पुस्तक वाचतात तेव्हा दोघेही जास्त वेळ टिकतात.

निवडताना आणखी एक पाहा. आपल्यासारखे घर, आपल्यासारखे आईवडील, आपल्यासारखी बोली पुस्तकात दिसते का? बालसाहित्याच्या अभ्यासक रुडीन सिम्स बिशप यांनी १९९० मध्ये पुस्तकांना आरसे आणि खिडक्या म्हटले होते: आरशात आपले जग दिसते, खिडकीतून दुसऱ्यांचे. एकाच वेळी दोन्ही लागतात. ज्या मुलाला कधीच आरसा मिळत नाही, ते पुस्तक ही दुसऱ्या कुणाची तरी वस्तू समजते.

आता पातळीबद्दल सविस्तर बोलतो, कारण बहुतेक ठिकाणी गाडी इथे अडते. वाचनशिक्षणाचे अभ्यासक एमेट बेट्स यांनी १९४६ मध्ये दिलेले प्रमाण आजही ढोबळ मापाने उपयोगी पडते: एकट्याने वाचायचे पुस्तक असेल तर शंभरातले ९९ शब्द ओळखता यावेत, कुणी मदतीला असेल तर ९५ चालतील, आणि ९० किंवा त्याखाली गेले तर मूल वैतागते. छोट्या पुस्तकात वीस शब्दांमागे एक अडला तर मदतीने वाचू द्या. दोन अडले तर ते पुस्तक तुम्ही त्याला वाचून दाखवा.

मराठीत अडचण कुठे येते हे पुस्तकाच्या इयत्तेवरून कळत नाही, पान उघडून पाहावे लागते. 'दिवस' वाचताना वेलांटी डोळ्यांना द-च्या आधी दिसते, उच्चार मात्र द-नंतर करायचा असतो. 'सूर्य'मधला रफार य-च्या डोक्यावर बसतो आणि उच्चारला जातो त्याच्या आधी. एकटा र घ्या: रस, प्रकाश, राष्ट्र, सूर्य, तऱ्हा. पाच शब्द, पाच रूपे. नवशिक्या मुलाला ही पाच वेगवेगळी चिन्हे असतात. त्यामुळे 'पहिलीसाठी' असे छापलेल्या पुस्तकाच्या एकाच पानावर सात-आठ जोडाक्षरे असू शकतात आणि 'तिसरीसाठी'चे पुस्तक त्यापेक्षा सोपे निघू शकते. पुस्तके अशी लावा: शब्दच नसलेली चित्रपुस्तके. पानावर एक लहान वाक्य, तेच वाक्य थोडे बदलून पुन्हा येणारे, जोडाक्षरे नगण्य. दोन ते चार ओळी, ओळखीची जोडाक्षरे. परिच्छेद असलेली. प्रकरणे असलेली. मागच्या कव्हरवर खालच्या कोपऱ्यात रंगीत ठिपका चिकटवा, पाच पातळ्यांना पाच रंग. टायपाचा आकारही पाहा. पहिलीला २४ पॉइंटच्या आसपास, चौथीला १६ पर्यंत चालतो. त्याहून बारीक टायपात मात्रा, अनुस्वार आणि रफार एकमेकांत मिसळतात आणि मुलाला न येणारे अक्षर कोणते हेच कळत नाही.

ठिपका पुस्तकाला असतो, मुलाला नव्हे. 'तू अजून हिरव्यात आहेस' असे एकदा जरी वर्गात म्हटले तर मुले पुस्तक सोडून ठिपका निवडू लागतात. कुणाला अवघड पुस्तक हवे असेल तर नेऊ द्या. विमानांचे वेड असलेले मूल एरवी न झेपणारे पान चित्रांच्या आणि कुतूहलाच्या जोरावर उलगडते. चौथीतल्या मुलाने चित्रपुस्तक उचलले तर त्याला हसू नका आणि इतरांनाही हसू देऊ नका.

मांडणीत महत्त्वाचे काय, तर मुखपृष्ठ दिसणे. पुस्तकाचा कणा पाहून निवड करायला शीर्षक वाचता यावे लागते आणि पातळ पुस्तकांच्या कण्यावर शीर्षक नसतेच. भिंतीवर आडव्या दोऱ्या बांधून क्लिपने पुस्तके लटकवा किंवा पुढे दोन सेंटिमीटरची पट्टी असलेल्या अरुंद फळ्या ठोका. पहिलीच्या वर्गात सर्वांत वरची ओळ जमिनीपासून एक मीटरच्या आत हवी. दोरीवर मधल्या पानातून पुस्तक अडकवले तर शिलाई सैल होते, म्हणून क्लिप वरच्या कडेला लावा आणि जाड पुस्तके खोक्यात उभी ठेवा. एका वेळी तीस-चाळीसच पुस्तके बाहेर ठेवा आणि दर तीन आठवड्यांनी वर्गावर्गांत अदलाबदल करा. तेच ते चेहरे पाहून मुलांची नजर सरावते. फळी आणि भिंत यांत चार बोटे अंतर ठेवा म्हणजे ओल लागत नाही. कसर लागू नये म्हणून मुलांच्या पुस्तकांत डांबरगोळ्या टाकू नयेत, त्या विषारी असतात आणि लहान मुले त्या तोंडात घालू शकतात. रोज हाताळल्या जाणाऱ्या पुस्तकाला कसर सहसा लागत नाही.

देवघेव इतकी सोपी हवी की तिसरीतली दोन मुले ती चालवू शकतील. वहीत चारच रकाने: तारीख, मुलाचे नाव, पुस्तकाचा क्रमांक, परत आल्याची खूण. लेखक, प्रकाशक, किंमत हे सगळे दाखलनोंदवहीत राहू द्या. रोज पाच-सहा मुलांची पाळी लावली तर पाच मिनिटांत काम होते आणि आठवड्यात प्रत्येकाचे पुस्तक बदलते. पहिलीच्या मुलांनाही पहिल्याच महिन्यापासून पुस्तक घरी द्या. 'वाचता आले की देऊ' हा नियम उलटा आहे, पुस्तक घरी गेल्याने वाचता येण्याची वाट मोकळी होते. पाण्यापासून बचावासाठी प्रत्येकाला एक पिशवी द्या, कारण डबा आणि पाण्याची बाटली यांच्या शेजारी दप्तरात पुस्तक ठेवले की ते भिजतेच. परत न आलेल्या पुस्तकासाठी दुसरे पुस्तक अडवू नका. पुस्तक हरवण्याची भीती बसलेले मूल पुढे नेणेच बंद करते, आणि नेमके त्याच मुलाच्या घरी दुसरे पुस्तक नसते.

दुरुस्तीसाठी महिन्यातून एक तास ठेवा, मोठी मुले आनंदाने मदत करतात. फाटलेल्या पानाला साधी चिकटपट्टी लावू नका. ती वर्षभरात पिवळी पडते, कडक होते आणि पान तिच्या कडेला पुन्हा फाटते. पातळ कागदाची एक सेंटिमीटरची पट्टी पांढऱ्या गोंदाने लावून वर वजन ठेवा. पिना गंजून सुटलेले पुस्तक शिवता येते. जुन्या पिना काढा, मधले पान उघडून घडीवर तीन भोके पाडा: एक मध्यभागी, बाकीची दोन वरच्या आणि खालच्या कडेपासून तीन-तीन सेंटिमीटर आत. जाड दोरा मधल्या भोकातून आतून बाहेर काढा, वरच्या भोकातून आत घ्या, आतल्या बाजूने सरळ खालच्या भोकापर्यंत नेऊन बाहेर काढा आणि पुन्हा मधल्या भोकातून आत आणा. दोऱ्याची दोन टोके आतल्या लांब टाक्याच्या दोन्ही बाजूंना घेऊन त्यावर गाठ मारा. पिनेपेक्षा हे जास्त टिकते आणि बोटाला टोचत नाही.

इथपर्यंत पुस्तक हाताशी आले. ते उघडावेसे वाटायला रोजचे प्रकट वाचन लागते, आणि दिवसाकाठी एकच गोष्ट करणे जमणार असेल तर मी हीच निवडीन. रोज दहा ते पंधरा मिनिटे, वेळ ठरलेली, चौथीपर्यंत सर्व वर्गांना. 'वेळ उरला तर' असे म्हटले की तो उरत नाही. परिपाठानंतरची किंवा मधल्या सुट्टीनंतरची वेळ चांगली. पुस्तक आदल्या दिवशी स्वतः मोठ्याने वाचून पाहा, म्हणजे कुठे थांबायचे, कुणाचा आवाज कसा काढायचा, कोणते शब्द मुलांना नवे आहेत हे कळते. मुलांना जवळ, अर्धवर्तुळात बसवा, चित्र सगळ्यांना दिसले पाहिजे. खिडकीकडे पाठ करून बसू नका, मुलांच्या डोळ्यांवर उजेड येतो आणि पान काळे दिसते. सुरुवातीला कव्हर दाखवून 'काय असेल यात?' एवढे विचारा. मध्ये दोन-तीन वेळाच थांबा. 'आता ती काय करेल?', 'तो असा का वागला असेल?' असे प्रश्न चालतात, कारण त्यांना एकच बरोबर उत्तर नसते. नवा शब्द आला तर वाचता वाचता अर्धे वाक्य जोडून सांगा, फळ्यावर लिहू नका. पहिली-दुसरीत तेच पुस्तक आठवड्यात तीनदा वाचा. पहिल्यांदा मुले पुढे काय होते ते ऐकतात, दुसऱ्यांदा चित्रांतले बारकावे टिपतात, तिसऱ्यांदा तुमच्याबरोबर ओळी म्हणू लागतात आणि त्याच ओळी नंतर पानावर ओळखतात. तिसरी-चौथीत प्रकरणांचे पुस्तक रोज थोडे वाचा आणि उत्कंठेच्या जागी थांबा.

वाचून झाले की पुस्तक दर्शनी जागी ठेवा. पुढचे काही दिवस त्याच पुस्तकासाठी रांग लागेल. ज्या मुलाला अजून नीट वाचता येत नाही तेही ते हातात घेऊन आठवणीने 'वाचते', आणि हे खोटे वाचन नाही, ती वाचनाची पहिली पायरी आहे.

प्रकट वाचन बिघडते ते शेवटच्या मिनिटात. 'या गोष्टीतून आपण काय शिकलो?' हा प्रश्न कृपया सोडून द्या. मुले दुसऱ्याच आठवड्यात 'खोटे बोलू नये' हे उत्तर तयार ठेवून बसतात आणि गोष्ट ऐकण्याची त्यांना गरज उरत नाही. चित्र काढा, पाच ओळी लिहा, शब्दार्थ लिहा हेही प्रत्येक पुस्तकाला नको. बोलायचे असेल त्याला बोलू द्या, गप्प बसायचे असेल त्याला बसू द्या.

स्वतंत्र वाचनासाठी पहिलीत पाच मिनिटे, दुसरीत दहा, चौथीत वीस मिनिटांपर्यंत जा. आवडले नाही तर पुस्तक बदलण्याची मुभा द्या, पण किमान तीन पाने पाहून. या वेळात शिक्षकांनी हजेरी किंवा तपासणी करू नये. रोज दोन-तीन मुलांच्या शेजारी बसून प्रत्येकाचे एक पान हळू आवाजात ऐका. कोण कुठे अडते याची नोंद ठेवा. एक सावधगिरी बाळगा: अक्षरओळख पक्की नसलेल्या मुलाला मूकवाचनाला बसवून वाचता येत नाही. वाचनाचे अभ्यासक गफ आणि टनमर यांनी १९८६ मध्ये मांडलेले सूत्र साधे आहे, वाचून समजणे म्हणजे लिपी उलगडणे गुणिले भाषा समजणे. गुणाकार असल्याने एक बाजू शून्य तर उत्तर शून्य. अशा मुलांना रोज अक्षर-शब्दांचा वेगळा सराव हवा आणि सोबत जोडीवाचन: येणारे मूल ओळीवर बोट ठेवून वाचते, दुसरे पाठोपाठ तीच ओळ वाचते. चूक झाली तर तीन सेकंद थांबायचे आणि मग शब्द सांगून पुढे जायचे, एवढा एकच नियम जोडीदाराला शिकवा. मानसशास्त्रज्ञ कीथ स्टॅनोविच यांनी त्याच वर्षी दाखवून दिले की वाचता येणारे जास्त वाचतात आणि आणखी पुढे जातात, अडखळणारे टाळतात आणि मागे पडतात. गोडीच्या नावाखाली हा सराव टाळला तर दरी वाढतच जाते.

स्पर्धांबाबत माझे मत स्पष्ट आहे, सर्वाधिक पुस्तके वाचणाऱ्याला बक्षीस देऊ नका. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये बालवाडीतल्या चित्रे काढायला आवडणाऱ्या मुलांवर प्रयोग केला. काही मुलांना प्रशस्तिपत्राचे आमिष आधीच दाखवून चित्रे काढायला लावली. काही दिवसांनी हीच मुले मोकळ्या वेळात इतरांपेक्षा कमी चित्रे काढताना दिसली. वाचनात याची खूण लगेच दिसते: मुले सर्वांत पातळ पुस्तके उचलतात, पाने उलटून परत करतात आणि स्पर्धा संपली की थांबतात. त्याऐवजी रोज एका मुलाला एक मिनिट द्या. पुस्तक हातात धरून 'हे कुणाला आवडेल' एवढेच सांगायचे. शिक्षकांच्या शिफारशीपेक्षा मित्राच्या शिफारशीने जास्त पुस्तके हलतात.

घरी वाचता येणारे कुणी नसले तरी पुस्तक वाया जात नाही. पालकांना 'अभ्यास घ्या' असे सांगू नका, 'मूल वाचेल तेव्हा शेजारी बसा, चित्रात काय चालले आहे ते विचारा' एवढेच सांगा. ते स्वतःच्या बोलीत बोलले तर उत्तमच. पालकसभेत हे तोंडी सांगण्यापेक्षा एका मुलाला सोबत घेऊन पाच मिनिटे करून दाखवा.

पुस्तके फारच कमी असतील तर 'प्रथम बुक्स' या बालपुस्तकांच्या ना-नफा प्रकाशनसंस्थेच्या स्टोरीवीव्हर या २०१५ पासून चालणाऱ्या इंटरनेटवरच्या व्यासपीठावर मराठीसह अनेक भाषांतली मुक्त परवान्याची पुस्तके विनामूल्य मिळतात. ती उतरवून छापता येतात. पडद्यावर दाखवून सगळ्या वर्गाने मिळून वाचायलाही ती चांगली, मात्र घरी न्यायला कागदच द्या. मुलांनी सांगितलेले चार अनुभव शिक्षकांनी त्यांच्याच शब्दांत लिहून, मुलांनी चित्रे काढून केलेली आठ पानी पुस्तकेही फळीवर ठेवा. त्यांना क्रमांक द्या, ती घरी न्यायला द्या. या पुस्तकांची पाने लवकर मळतात, म्हणून सुरुवातीलाच दोन प्रती काढा.

प्रगती पाहताना एकूण किती पुस्तके गेली हा आकडा फसवा असतो. दहा मुले भरपूर नेतात आणि आकडा छान दिसतो. महिन्याच्या शेवटी वही उघडून ज्यांच्या नावापुढे एकही पुस्तक नाही किंवा एकच आहे अशा मुलांची यादी करा. प्रत्येकाचे कारण वेगळे निघते: वाचता येत नाही, घरी धाकटे भावंड फाडते, एकदा ओरडा बसला होता, आवडीचा विषयच नाही. त्या मुलासाठी दोन पुस्तके वेगळी काढून त्याच्या हातात द्या आणि पुढच्या महिन्यात त्याचेच नाव आधी पाहा.

लांब सुट्टीच्या आधी मात्र शाळा सवयीने सगळी पुस्तके जमा करून मोजते. मोजणी दोन आठवडे आधी उरका आणि सुट्टी लागताना प्रत्येक मुलाला चार-पाच पुस्तके घेऊन जाऊ द्या. जवळ राहणाऱ्या मुलांचे गट पाडलेत तर तीच पुस्तके आपसांत फिरतात, आणि गटातल्या मोठ्या मुलाकडे यादीची एक प्रत दिली की शाळा उघडताना हिशेब लावायला तासाभराहून जास्त वेळ लागत नाही.